‘साहेबांनी सांगितलं होतं’ हे चालत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

करचुकवेगिरीची बातमी आली की सगळे मालकावर तुटून पडतात, पण ते कागद रात्री बसून तयार करणारा पगारदार टॅक्सवाला कुणाला आठवत नाही, आठवलाच तर ‘बिचारा हुकमाचा ताबेदार’ म्हणून सोडून देतात. त्यालाही तेच वाटत असतं, आणि घोळ तिथेच आहे.

खरीखुरी चूक झाली, निष्काळजीपणा झाला, तर क्लायंटची भरपाई बहुतेक ठिकाणी फर्मच्याच गळ्यात पडते. पण खोटं आहे हे माहीत असताना आकडा भरला तर ते गुन्ह्यात मदत केल्यासारखं धरलं जातं, तिथे ‘साहेबांनी सांगितलं होतं’ सहसा टिकत नाही आणि फर्मचा विमासुद्धा मुद्दाम केलेल्या लबाडीला सहसा पैसे देत नाही. वर व्यावसायिक संस्थेची कारवाई असते ती वेगळीच, ती सदस्यत्वावर होते, म्हणजे नोकरी बदलली तरी पाठ सोडत नाही.

मला एकदा करारावर मागची तारीख टाकायला सांगितली होती, ‘सगळेच करतात गं’ म्हणून. मी मेलवर विचारलं, उत्तर फोनवर आलं. (असल्या गोष्टींचं उत्तर मेलवर कधीच येत नाही, बघा.) मी परत मेल टाकला, ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे मागची तारीख टाकायची आहे ना?’ मग विषयच मिटला. पुढचं प्रमोशनही मिटलं, ते जाऊ दे.

अकाउंटंट लोकांची आंतरराष्ट्रीय नैतिकता संहिता आहे, आयईएसबीए नावाच्या मानकं ठरवणाऱ्या मंडळाची, त्यात १ जुलै २०२५ पासून कर नियोजनाचे नियम लागू झालेत आणि नोकरीत असणाऱ्यांसाठी कलम २८० वेगळं आहे. कायद्यात पटण्याजोगा आधार असेल तरच कर नियोजनाचा सल्ला द्या, असं ते म्हणतं. वरिष्ठाशी पटलं नाही तर त्याच्या वर जा, नाहीच जमलं तर त्या कामातून अंग काढून घ्या, गरज पडली तर राजीनाम्याचाही विचार करा. वाचायला झकास आहे! पण कर्जाचे हप्ते चालू असलेल्या ज्युनिअरने राजीनामा द्यायचा आणि साहेबाने दुसरा ज्युनिअर शोधायचा, हा कुठला न्याय? नकार देणाऱ्याची नोकरी वाचवायची जबाबदारी फर्मवर टाका, नाहीतर ही संहिता फक्त ट्रेनिंगच्या स्लाइडवरच राहणार.

– खासगी नोकरीत टॅक्सचं काम करणारी एक वाचक