आरोपी हजर

नेरुळ, नवी मुंबई
9 नोव्हेंबर 2025

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "महिला वर्ल्ड कपच्या फायनलला शेवटपर्यंत बसलास? शप्पथ सांग." तेवढ्यात लोकल आली आणि उत्तर राहिलं.

जुलै 2017 आठवतोय ना? गावाहून एसटीने थेट तुझ्या खोलीवर आलो, सोफ्यावर टेकलो. लॉर्ड्सची फायनल, आपल्या पोरींच्या 3 बाद 191, हव्या होत्या 229. मी टेकलो आणि उरलेल्या सातही विकेट 28 धावांत गेल्या. नऊ धावांनी हरलो. "पनवती" हे नाव तूच ठेवलंस. सगळे हसले, मीही हसलो. पण ते आत जाऊन बसलं रे. नंतर मॅच अडकली की तळहाताला घाम, पोटात गोळा, आणि मी जिन्यात. 2023 ला पुरुषांची अहमदाबादची फायनल मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारत काढली, तरी सहा विकेटनी हरलोच. त्यावर ग्रुपचा निकाल: "आरोपी घटनास्थळी नव्हता. जामीन मंजूर." निर्दोष नाही हां, जामीनच!

30 ऑक्टोबरला सेमीफायनलमध्ये जेमिमाने नाबाद 127 करून ऑस्ट्रेलियाचे 338 पार केले, तेव्हाही मी जिन्यात. मग तिचं बोलणं ऐकलं. या स्पर्धेत जवळजवळ रोज रडत होते, म्हणाली. कॅमेऱ्यासमोर, सरळ. त्या रात्री मी ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं, की बाबांनो, ही नाटकं नाहीत, मला खरंच भीती वाटते. बराच वेळ सगळे गप्प. मग वहिनींचा मेसेज: "जामीन रद्द. रविवारी डी. वाय. पाटीलला हजर राहणे."

रविवारी पावसाने मॅच दोन तास उशिरा, पाचला सुरू झाली. मला मधल्या खुर्चीत कोंबलं, मांडीवर सगळ्यांचे ओले रेनकोट. उठणार कसा? दर ओव्हरला वहिनी ओरडायच्या, "आरोपी?" मी, "हजर!" मागच्या रांगेतली अनोळखी पोरंसुद्धा विचारायला लागली. शेफालीच्या 87, तुमच्या सांगलीच्या स्मृतीच्या 45, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. पण दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट शंभरावर गेली तेव्हा माझे हात रेनकोटने ओले की घामाने, कळेना. दीप्तीचा बॉल तिने उंच मारला. अमनजोत धावत आली, बॉल हातात, उडाला, पुन्हा हातात, पुन्हा उडाला... मागून एक पोरगा ओरडला, "आरोपी, हलू नकोस!" मला हसू फुटलं, आणि तिसऱ्या झटक्यात तिने तो धरला. रेनकोट चार रांगा खाली गेले.

गोळा होता हां पोटात, शेवटची विकेट पडेपर्यंत. हसण्याच्या नादात उठायचं राहून गेलं, एवढंच.

52 धावांनी जिंकलो. मध्यरात्र उलटल्यावर चालत घरी येताना वहिनींनी भर रस्त्यात निकाल वाचला: "आरोपी निर्दोष. मूळ तक्रारदार सांगलीत फरार."

तेव्हा मंद्या, कधी हजर होतोस?

तुझाच,
पनवती (निवृत्त)