शेजारच्या गाळ्यातल्या दादांना

दादा,

वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे, पण अहो-जाहोच बरं. त्या दिवशी पत्रिका छापायला पाठवायच्या गडबडीत आभार राहूनच गेले.

अप्पा बळवंत चौकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी करायची, तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, आणणं रोजचंच. भाच्याने व्हायरसच्या धास्तीने कॉम्प्युटर ‘टाईट’ केला आणि बंगळुरूला निघून गेला. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवरचा एकही आयकॉन उघडेना, डी ड्राइव्हमधला तो मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टरही नाही. वर निरोप काय, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. अहो, इथली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच! फोनवर एकाने सरळ फॉरमॅट मारायला सांगितलं होतं.

तुम्ही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलीत. अ‍ॅप्लिकेशनच्या नोंदींत ओळीने एकच क्रमांक, ८६५, ८६५. ‘काकू, हे कुठल्या एका नियमाने अडलेलं नाही, मूळ पातळीच बंद आहे,’ म्हणालात. मग सेकपॉल डॉट एमएससी ही विंडोजची सुरक्षेची खिडकी, त्यात कुठले प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज, आणि तिथे मूळ पातळी म्हणून भाच्याने ठेवलेलं ‘डिसअलाउड’. म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांमधलं तेवढं चालणार, बाकी सगळे दाराबाहेर.

पण टायपिंगचं सॉफ्टवेअर तर प्रोग्राम फाइल्समध्येच होतं! तिथे जाऊन क्लिक केलं की चालायचं, आयकॉनवरून नाही. शॉर्टकट हीसुद्धा एलएनके नावाची एक फाइलच असते आणि अडवायच्या प्रकारांच्या यादीत ती आधीपासून असते, हे मला बापजन्मी कळलं नसतं. यादीतून एलएनके काढलंत आणि आयकॉन सुरू.

कन्व्हर्टरसाठी मी म्हटलं, ही सगळी बंधनंच काढून टाका. तुम्ही ऐकलं नाहीत. कन्व्हर्टरचं आख्खं फोल्डरही मोकळं केलं नाहीत, कारण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधलं काहीबाही मी तिथेच ओतते. तेवढ्या एका फाइलचा हॅश नियम केलात, म्हणजे फाइलच्या बोटांच्या ठशासारख्या खुणेवरून फक्त तिलाच परवानगी, आणि रद्द पत्रिकेच्या पाठीवर लिहून दिलंत: ‘नवी आवृत्ती आली की नवा हॅश.’ पैसे घेतले नाहीत, अमृततुल्यच्या एका चहावर भागवलंत.

परवा नवी आवृत्ती आली. चिठ्ठी समोर ठेवून मीच नियम केला. पहिल्यांदा जुनीच फाइल निवडली, दुसऱ्यांदा जमलं.

तुमची,
पत्रिकावाली काकू