सिमेंट रस्त्याआधी लेव्हल काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली. सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या पुरावर भरपूर लिहिले गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सुनावण्या झाल्या, आणि ते व्हायलाच हवे होते. मला आपल्या वृत्तपत्रातून मांडायचा आहे तो त्याहून लहान वाटणारा, पण दर पावसाळ्यात हजारो घरांना छळणारा प्रश्न. तासभराची ४०-५० मिलिमीटरची सर आली की नदीपासून लांब असलेल्या गल्ल्याही तुंबतात, पाणी फाटकातून अंगणात आणि अंगणातून घरात येते. याचे मुख्य कारण रस्त्याची वाढलेली पातळी हे आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

जुन्या वस्तीतले घर बांधताना जोते रस्त्यापासून साधारण दीड-दोन फूट वर घेतले जाई. नंतर दर काही वर्षांनी डांबराचा एकेक थर चढत गेला. त्यावर आता सिमेंटचा रस्ता येतो. जुने डांबर न खरवडता त्यावर सपाटीसाठी १० सेंटीमीटरचा पातळ काँक्रीटचा थर आणि वर २० सेंटीमीटरचा मुख्य थर टाकला की रस्ता एका झटक्यात फूटभर वर येतो. घराच्या तीन पायऱ्यांपैकी एक उरते आणि अंगण रस्त्याच्या खाली जाते. मग गल्लीत नवे घर बांधणारा सावध होऊन जोते तीन-साडेतीन फूट उचलतो, अंगणात भर टाकतो, आणि त्याच्या अंगणातले पाणी शेजारच्या जुन्या घराकडे वळते. चूक झाली रस्त्याची. कोर्टकचेरीपर्यंत जाते ती दोन शेजाऱ्यांची कटकट.

खरे तर यात अवघड काही नाही. जुना थर यंत्राने खरवडून काढायचा, त्याखालचा भराव गरजेपुरता उकरायचा आणि नव्या रस्त्याचा वरचा पृष्ठभाग जुन्या पातळीच्या आसपास, शक्य तर त्याखाली ठेवायचा. खरवडण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो, किंवा धरलेला असूनही काम होत नाही. गाडी तिथेच अडते. रस्त्याचा छेद काढताना मधल्या रेषेच्या पातळ्या घेतात, पण दोन्ही बाजूंच्या फाटकांच्या आणि जोत्यांच्या पातळ्या नोंदवत नाहीत. ऑटो लेव्हल (पातळी मोजायचे दुर्बिणीचे यंत्र) घेऊन दोन माणसांनी अर्धा किलोमीटर गल्लीची प्रत्येक फाटकाची पातळी नोंदवायला एक दिवस पुरतो. एवढे काम टाळले म्हणून रस्त्याचे आयुष्य असेपर्यंत शेकडो घरांनी फाटकाला विटांचे उंबरठे घालत बसायचे, हे अजिबात पटत नाही.

आता पाणी रस्त्यावरून निघते कसे ते पाहू. सात मीटर रुंद रस्त्याला मधून दोन्हीकडे शंभरात दोन असा ढाळ दिला, तर मध्य आणि कडा यांत सात सेंटीमीटरचा फरक यायला हवा. दोरी ताणून आणि पट्टी लावून कोणीही नागरिक हे मोजू शकतो. लांबीच्या दिशेने किमान ३०० मीटरला एक मीटर तरी उतार हवा. कडेला साधारण २० ते ३० मीटरवर जाळी हवी आणि तिचा माथा रस्त्याच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली हवा. प्रत्यक्षात मात्र पावसाळी नालीचे चेंबर आधी बांधून होतात, रस्त्याची पातळी नंतर ठरते. मग कुठे जाळी रस्त्याच्या वर राहते, कुठे सिमेंटच्या कडेमागे दडते, तर कुठे तिच्यापुढे गट्टूंची (सिमेंटच्या फरसबंदी ठोकळ्यांची) पट्टी उंच येते. पाणी जाळीच्या चार इंच अलीकडे थांबते आणि आत नाली कोरडी असते. अशी कोरडी नाली भर पावसात पाहिली की हा पैसा नेमका कशावर खर्च झाला, असा प्रश्न पडतो.

जाळीच्या आत गाळ बसण्यासाठी पाइपच्या तळापेक्षा फूटभर खोल खड्डा ठेवायचा असतो. तो नसला की खर्ऱ्याच्या पन्न्या, झाडांचा पाला आणि बांधकामाची रेती सरळ पाइपात जाते आणि पहिल्या वळणावर अडकते. मेमध्ये नालीतून काढलेला गाळ कडेलाच ठेवण्याची पद्धत तर आजच बंद व्हायला हवी. जूनच्या पहिल्या सरीत तो परत आत जातो. गाळ काढल्या दिवशीच उचलला नसेल तर त्या सफाईचे बिल निघू नये.

पाइप किती मोठा लागतो, याचा हिशेबही लोकांसमोर यायला हवा. दहा हेक्टरचा ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती, घ्या आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा. अंगणे मातीची, रस्त्याच्या कडा मोकळ्या असतील तर पावसाच्या पाण्यापैकी साधारण ४० टक्के वाहून जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५० लिटर. तोच ले-आउट सिमेंटचे रस्ते, भिंतीपासून भिंतीपर्यंत गट्टू आणि फरशीच्या अंगणांनी झाकला की ८५ टक्के पाणी वाहते, म्हणजे सेकंदाला जवळपास १,१८० लिटर. ६०० मिलिमीटर व्यासाचा पाइप ५०० मीटरला एक मीटर उतारावर टाकला तर तुडुंब भरून सेकंदाला सुमारे २७० लिटर नेतो. जिथे दोन पाइपांत भागत होते तिथे आता चारही पुरत नाहीत. पाऊस तेवढाच, पाइप तेवढेच; बदलली ती जमीन. बाहेरच्या बाजूला, बेसा-बेलतरोडीकडे किंवा हुडकेश्वर-नरसाळ्याकडे जे नवे ले-आउट पडत आहेत, तिथे हा हिशेब प्लॉट विकण्याआधी करता येतो. सीताबर्डी-महालसारख्या दाट वस्तीत तो नंतर करणे फार महाग पडते.

यातून आणखी एक त्रास जन्माला येतो, ज्याची चर्चा फार कमी होते. गल्लीत पाणी साचले की कोणीतरी सब्बल घेऊन गडरलाइनचे, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनचे, झाकण उघडतो. अनेक घरांच्या गच्चीचे पाइपही सरळ गडरच्या चेंबरला जोडलेले असतात. शंभर घरे, घरटी पाच माणसे आणि माणशी रोज १०८ लिटर सांडपाणी धरले, तर गर्दीच्या वेळीही सेकंदाला दोन लिटरपेक्षा कमी सांडपाणी निघते. त्याच शंभर घरांच्या १०० चौरस मीटरच्या गच्च्यांवरून ५० मिलिमीटरच्या सरीत सेकंदाला सुमारे १२५ लिटर पाणी येते. साठपटीहून जास्त! गल्लीतली १५० किंवा २३० मिलिमीटरची लाइन ते घेऊच शकत नाही. मग खालच्या घरांच्या संडासातून आणि न्हाणीतून मैला उलटा वर येतो, आणि उघड्या झाकणातून गेलेली रेती लाइनीत बसून पुढे वर्षभर ती तुंबत राहते. झाकण उघडणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण रस्त्यावरच्या पाण्याला दुसरी वाटच ठेवली नसेल तर तो बिचारा करणार काय? म्हणून गच्चीचे पाणी गडरमधून तोडण्याची मोहीम आणि पावसाळी नालीची दुरुस्ती एकाच वेळी झाली पाहिजे. एक सोडून दुसरे केले तर उपयोग नाही.

गच्चीचे पाणी जमिनीत मुरवा, असे सांगणे आता रूढ झाले आहे. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटांना पर्जन्यजल पुनर्भरण सक्तीचे आहे. आपल्याकडचे बहुतेक प्लॉट दीड हजार चौरस फुटांचे, म्हणजे १४० चौरस मीटरच्या आसपास, त्यामुळे ते या सक्तीबाहेर राहतात. तरीही हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नागपूरच्या वर्षभराच्या पावसात साधारण एक लाख लिटर पाणी पडते, ते सोडून देण्यासारखे नाही. फक्त खड्डा कुठेही खणून चालत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. काळी माती पहिल्या पावसात फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. तीन फुटांच्या शोषखड्ड्याचा मग हौद होतो, पाणी दिवसेंदिवस तसेच राहते आणि डास वाढतात. काही ठिकाणी तर तेच पाणी पायाजवळची माती फुगवून भिंतीला तडे पाडते.

खड्डा काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. कुठे तो चार फुटांवर लागतो, कुठे दहा. शहराच्या पश्चिमेकडे खाली बेसॉल्ट खडक आहे आणि पूर्वेकडे ग्नाइस, त्यामुळे शेजारच्या वॉर्डातले माप आपल्याकडे लागू पडेल असे नाही. मुरूम लागला की तळाशी वीतभर पाणी ओतून ते तासाभरात किती उतरते ते पाहायचे; जवळपास हललेच नाही तर तिथे खर्च करू नये. उतरत असेल तर साधारण मीटर बाय मीटरचा खड्डा तळाशी मोठे दगड, मधे गिट्टी आणि वर जाड रेती असा भरायचा. रेतीचा थर वरच असावा, कारण गाळ तिथे अडतो आणि दर मे महिन्यात वरची चार बोटे रेती काढून बदलता येते. रेती खाली घातली की सगळा खड्डा उपसावा लागतो. मोसमाच्या पहिल्या सरीचे पाणी वेगळे सोडण्यासाठी पाइपाला व्हॉल्व्ह हवा; १०० चौरस मीटर गच्चीला पहिले २०० लिटर सोडले तरी पुरे. खड्डा पायापासून किमान तीन मीटर आणि सेप्टिक टँकपासून त्याहून दूर असावा. अंगणात जुनी विहीर असेल तर नवा खड्डा खणायची गरजच नाही. गाळणी लावून पाणी विहिरीत सोडावे, आणि ती विहीर कचऱ्याने बुजवू तर मुळीच नये.

गट्टूंबाबतही हेच. काँक्रीटच्या बेडवर बसवलेला गट्टू म्हणजे सिमेंटचा रस्ताच. खाली १५-२० सेंटीमीटर बारीक चुरी नसलेली गिट्टी, वर पाच सेंटीमीटर रेती आणि सांधे रेतीने भरलेले असतील तर बरेच पाणी खाली जाते. झाडांच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी एक मीटर जागा मोकळी ठेवलीच पाहिजे. सिव्हिल लाइन्स आणि रामदासपेठेतल्या जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि मेच्या वादळात तेच झाड गाडीवर पडते.

शेवटी मूळ मुद्द्याकडे. नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघून शहर ओलांडते, पुढे पिवळी नदीला भेटते आणि ते पाणी कन्हान नदीला जाते. दक्षिणेकडचे पाणी पोरा नदीकडे. प्रत्येक गल्लीचे पाणी नाग, पिवळी आणि पोरा या तीनपैकी कुठल्या नदीकडे आणि कुठल्या नाल्यातून जाते, हे दाखवणारा पातळ्यांचा एकच नकाशा सर्व यंत्रणांनी वापरला पाहिजे. मनपा, नागपूर सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे आणि मेट्रो यांची कामे एकाच चौकात येऊन भिडतात. प्रत्येकाने पातळी मोजायला आपापल्या सोयीचा शून्य बिंदू धरला तर दोन रस्ते जुळतात तिथे बशी तयार होते. सुधारित विकास आराखड्यात रस्त्यांच्या रुंदीसोबत चौकाचौकांच्या पातळ्याही बंधनकारक म्हणून छापाव्यात. नव्या ले-आउटला मंजुरी देण्याआधी दर अर्ध्या मीटर उंचीला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा नकाशा मागावा. गावनकाशातला नाला प्लॉट चौकोनी करण्यासाठी काटकोनात वळवू देऊ नये, कारण त्या काटकोनातच गाळ बसतो आणि तिथूनच पाणी बाहेर पडते.

हे सारे होईल तेव्हा होईल. येत्या मोसमाआधी तीन गोष्टी मात्र लगेच करता येतील. सिमेंट रस्त्याचे काम सुरू करण्यापूर्वी जुन्या आणि नव्या पातळीचा तक्ता, प्रत्येक फाटकाच्या पातळीसह, गल्लीत फलकावर लावावा. रस्ता फाटकापेक्षा वर जात असेल तर खरवडल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. आणि अंतिम बिल देण्याआधी गल्लीच्या वरच्या टोकाला पाच हजार लिटरचा टँकर रहिवाशांसमोर रिकामा करावा. पाणी जाळीत गेले तर बिल द्यावे. रस्त्यावर डबके राहिले किंवा पाणी कोणाच्या फाटकाकडे वळले, तर तेवढा भाग ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावा, आणि त्यानंतर पुन्हा टँकर बोलवावा.

आपला,
एक स्थापत्य अभियंता,
नागपूर