जाळ ओठावरून उचलणाऱ्या भाऊंना

रामराम भाऊ,

आषाढात मी बर्नर घेऊन दारव्ह्याला तुमच्या दुकानात आले, तेव्हा पेरणीयंत्राचे फण जोडून घ्यायला रांग लागली होती. वाफसा निघून चाललेला, प्रत्येकाला घाई. तरी तुम्ही माझी नळी हातात घेतली. त्या नळीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला कळायलाच हवं.

माझं काम टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण जाळातून बनवायचं. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड नावाचा द्रव तापवून त्याची वाफ नायट्रोजनबरोबर जाळात सोडायची. पण या द्रवाला दमट हवेचं वावडं. ओल लागली की तिथंच पांढरी खर धरते. पावसाळ्यात दहा मिनिटांत नळीचं तोंड बुजायचं. दोन महिने मी वाफेचं तापमान कमीजास्त करत बसले होते.

तुम्ही आधी बर्नर पेटवायला लावलात. खाली बसून नुसता जाळ पाहिलात आणि म्हणालात, "पोरी, जाळ नळीच्या ओठालेच चिकटून राहिला. वाफ नि ऑक्सिजन तिथंच भेटून राहिले. त्याइच्या मधात काही तरी घाल." मग दोन नळ्यांच्या मधे तिसरी बसवलीत. ती एका बाजूला कलू नये म्हणून तीन बाजूंना तारेचे बारीक तुकडे दिलेत, आणि पितळेचा जोड पार बुडाशी, जाळापासून लांब ठेवलात. त्या तुकड्यांचं मला अजून नवल वाटतं.

आता मधल्या फटीतून नुसता नायट्रोजन जातो आणि जाळ ओठापासून वर उचलून जळतो. वाफ आत शिरली की तो पिवळट पांढरा झगझगतो. तिथं वाफेचे रेणू फुटतात, कण जन्मतात, एकमेकांवर आदळून वितळल्यासारखे जुळतात. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. जाळात जास्त वेळ राहिले तर कण मोठे होतात. आई दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायची, तसंच हे. फक्त काजळ पांढरं, आणि ते काचतंतूच्या गाळणीवर धरायचं.

नागपूरहून क्ष-किरण तपासणी आली. 25.3 अंशांवर अ‍ॅनाटेजची ठळक रेघ, 27.4 वर रुटाइलची लहानशी; ही टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकांची दोन रूपं. कण सुमारे 22 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीचा तीन हजारावा भाग. जगभर टायटॅनियम डायऑक्साइडच्या ज्या पी-25 नावाच्या तयार पुडीशी तुलना करतात, तीही जाळातूनच बनते आणि तिचे कण साधारण 21 चे. आकडा पाहून मी प्रयोगशाळेतच रडले. गच्चीवर उन्हात ठेवलेलं मिथिलीन ब्लू या रंगाचं निळं पाणी या पुडीनं दुपारपर्यंत फिकं केलं.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. सोबत पुडीची कुपी पाठवते. बूच उघडू नका, ही धूळ श्वासातून आत जाणं बरं नाही.

दिवाळीत येते. मधली नळी जरा कलल्यासारखी वाटते, ती तुम्हीच पाहा.

तुमची,
बर्नरवाली पोरगी