दुबईचा आसनकोटा आणि आपला सौदा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आखाती विमान कंपन्यांना भारतातून आणखी आसने द्यावीत की नाही, या वादात एक पक्ष प्रवाशांच्या हिताची बाजू घेतो आणि दुसरा स्वदेशी कंपन्यांच्या संरक्षणाची. दोघांचीही चर्चा तिकिटाच्या दरापाशी येऊन थांबते. मुळात ही दोन सरकारांमधली देवाणघेवाण आहे, आणि तीत आपण यापूर्वी एकदा चांगलेच फसलो आहोत. त्याची आठवण कोणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावरचे संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. त्यामुळे परदेशी कंपनीने कोणत्या शहरात उतरायचे आणि आठवड्याला किती आसने चालवायची, हे द्विपक्षीय करारांत ठरते. दुबईबरोबरच्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66,000 आसने आहेत. हा आकडा 2014 साली ठरला आणि पुढच्या दहा वर्षांत हलला नाही. दुबईने आणखी 50,000 आसने मागितली; दिल्लीने ती दिली नाहीत.

या मागणीचे खरे स्वरूप दुबईच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर कळते. मुलीकडे टोरांटोला जाताना मी तेथे पहाटे तीनच्या सुमारास बसलो होतो. समोरच्या खुर्च्यांवर साताऱ्याकडचे एक कुटुंब दशम्यांचा डबा उघडून बसले होते; त्यांना न्यूयॉर्क गाठायचे होते. शेजारचे गृहस्थ मँचेस्टरला निघाले होते. मुंबईहून आमच्याच विमानाने आलेल्या ज्या पाच-सहा जणांशी बोलणे झाले, त्यांपैकी एकालाही दुबईत उतरायचे नव्हते. परदेशी कंपनीने भारतातला प्रवासी आधी स्वतःच्या देशात न्यायचा आणि तेथून तिसऱ्या देशात पोहोचवायचा, याला हवाई वाहतुकीच्या परिभाषेत ‘सहावे स्वातंत्र्य’ म्हणतात. आपल्या कंपन्यांची तक्रार आहे ती याच व्यवहाराची, आणि ती खोटी नाही. त्यातच एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा वळसा पडला. आखाती कंपन्यांना तो पडला नाही.

तरीही नुसता नकार देत राहणे हे काही धोरण नव्हे. दुबई आणि अबुधाबी ज्या देशाचे भाग आहेत, त्या संयुक्त अरब अमिरातीला कॅनडाने 2010 मध्ये वाढीव फेऱ्या नाकारल्या, तेव्हा अमिरातीने अफगाणिस्तानातील मोहिमेसाठी कॅनडाचे सैन्य वापरत असलेला दुबईजवळचा तळ रिकामा करायला लावला आणि पुढच्या जानेवारीपासून कॅनडाच्या नागरिकांना व्हिसाही सक्तीचा केला. विमानाच्या फेऱ्यांवरून सुरू झालेले भांडण थेट लष्करी तळापर्यंत गेले. अमिरातीत आपली लक्षावधी माणसे पोटापाण्यासाठी राहतात. त्यांत कोकणातली आणि गोव्यातली घरे किती आहेत, हे मी सांगायला नको. अशा देशाशी बोलताना ‘नाही’ या शब्दाचीही किंमत आधीच काढून ठेवावी लागते.

आता त्या फसलेल्या सौद्याविषयी. एप्रिल 2013 मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीने जेट एअरवेजमध्ये 24 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. त्याच सुमारास अबुधाबीचा कोटा आठवड्याला सुमारे 13,300 आसनांवरून टप्प्याटप्प्याने 50,000 पर्यंत नेण्याचे मान्य झाले. आखाताला हक्क वाटताना हात सैल सुटल्याबद्दल महालेखापालांनी 2011 च्या अहवालात ठपका ठेवला होता. त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे 17 एप्रिल 2019 रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. ज्या गुंतवणुकीच्या जोडीने आसने दिली ती बुडाली, अबुधाबीचा हक्क मात्र कायम राहिला. देशाच्या मालकीची वस्तू देऊन बदल्यात एका खासगी कंपनीच्या भागभांडवलाची सोय करायची, याला मी तरी व्यवहार म्हणणार नाही.

म्हणून वाढ द्यायची असेल तर ती थोडी, मुदतीची आणि अटीवर द्यावी. आपल्या कंपन्यांना दुबईत सोयीच्या वेळेचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरीव वेळा, मिळाले नाहीत, तर पुढचा टप्पा आपोआप थांबावा. आसने कोणत्या शहरासाठी, हेही करारात लिहावे. दुबईची विमान कंपनी एमिरेट्स भारतातील नऊ शहरांत उतरते. त्यांत मुंबई आहे, पुणे नाही आणि गोवाही नाही. पुण्याचे कोडे अर्थात करारापुरते नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि मोठ्या विमानांना ती अपुरी पडते, हे येथल्या पुढाऱ्यांनी घोषणा करण्यापूर्वी ध्यानात घेतलेले बरे.

2016 च्या नागरी हवाई वाहतूक धोरणाने दिल्लीपासून 5,000 किलोमीटरपलीकडच्या देशांशी परस्पर तत्त्वावर मुक्त करार, म्हणजे फेऱ्यांवर मर्यादा नसलेले करार, करण्याची तयारी दाखवली. आखात या वर्तुळाच्या आत येते. तेथे वाढीव हक्क कसे द्यायचे, याची पद्धत मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवावी, असेही त्याच धोरणात म्हटले होते. नव्या वाटाघाटींना बसण्याआधी केंद्र सरकारने ती पद्धत आणि अबुधाबीला 2013 मध्ये दिलेल्या आसनांचा आजवरचा हिशेब, दोन्ही संसदेपुढे ठेवावेत, एवढीच मागणी.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे