डेट्रॉइटच्या महापौरांना खुलं पत्र: पिंग्रींचे बटाटे कुठे गेले?

मा. महापौर, डेट्रॉइट शहर
यांना सप्रेम नमस्कार,

(इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसला मेल केलंय, हे इथल्या आपल्या मराठी मंडळींसाठी.)

ग्रँड सर्कस पार्कात हेझन पिंग्रींचा खुर्चीत बसलेला ब्राँझचा पुतळा आहे, १९०४ सालचा. खाली कोरलंय, शूर सैनिक, चारदा महापौर, दोनदा गव्हर्नर, बड्या कंपन्यांपासून लोकांना सावध करणारा पहिला माणूस वगैरे. बटाट्यांचा मात्र उल्लेखच नाही!! आणि अख्खी अमेरिका त्यांना ओळखायची ती 'पोटॅटो पॅच (बटाट्याचा वाफा) पिंग्री' म्हणून.

झालं काय, १८९३ ची मंदी आली, कारखाने बंद पडले, हजारो लोक बेकार, त्यात पोलिश आणि जर्मन कामगार खूप, आणि शहरात प्लॉट मात्र भाव वाढेल म्हणून नुसते पडून. १८९४ मध्ये महापौर पिंग्री मालकांना म्हणाले, विकू नका, बेकारांना बटाटे-भाजी लावायला तात्पुरते वापरायला द्या. सुमारे ४३० एकर जमीन मिळाली, ९०० वर कुटुंबांना तुकडे वाटले, लागवडीच्या सूचनासुद्धा तीन भाषांत छापल्या. पैसे कमी पडले म्हणून चर्चमधून वर्गणी मागितली तर आले जेमतेम तेरा-चौदा डॉलर (हसावं की रडावं), मग या गृहस्थाने स्वतःचा लाडका घोडा लिलावात काढला. आधी लोकांनी टिंगल केली, पण पीक हातात आलं तशी तोंडं बंद झाली, पुढे बफेलो, न्यूयॉर्कनेही हीच योजना उचलली.

बरं, हा माणूस कोणी लाल बावट्यावाला नव्हता, बुटांचा बडा कारखानदार, रिपब्लिकन, धंदेवाल्यांनीच पुढे करून निवडणुकीला उभा केलेला. नंतर ट्रामचं भाडं ३ सेंट करा म्हणून कंपन्यांशीच भांडत बसला, आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी शहराचं स्वतःचं वीजकेंद्र उभं केलं. सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेच्या यादवी युद्धात) तो दक्षिणेच्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कैदी होता, जिथे हजारो कैदी उपासमारीने आणि रोगाने मेले. बटाट्यांची कल्पना तिथूनच आली असावी असं मला आपलं वाटतं, पुरावा काही नाही.

तर मागणी एवढीच, पुतळ्याशेजारी बटाट्यांच्या वाफ्यांबद्दल एक छोटा फलक लावा. घोड्याचा उल्लेख विसरू नका प्लीज. आणि जमलं तर इंग्रजीसोबत पोलिश आणि जर्मनमध्येही लिहा, तेव्हाच्या सूचना तशाच होत्या.

आपला,
मिशिगनचा एक मराठी रहिवासी