चि. निखिलला, परवाच्या फोनबद्दल

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू फोन ठेवलास ते योग्यच केलंस. नंतर पुन्हा लावायचा धीर झाला नाही, आणि व्हॉट्सॲपच्या दोन ओळींत हे मावणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. आईनं बजावलंय की पत्रात बाळाच्या वजनाचा विषय काढायचा नाही. तू रोज मुग्धाच्या आईंना कळवतोस, त्या आम्हाला कळवतात, तेवढं पुरे. बरं. नाही काढत.

तू म्हणालास, "बाबा, मी बँड सोडला," आणि मी पटकन म्हटलं, "अरे, निदान रेकॉर्डिंग तरी पुरं करायचंस, भरल्या ताटावरून उठल्यासारखं झालं हे." तू तेव्हा एनआयसीयूच्या, नवजात बाळांच्या त्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकावर बसलेला होतास. मधेच दार उघडलं की आतल्या यंत्रांचा बीप बीप मला इथे कोल्हापुरात ऐकू येत होता. तो ऐकू येत असताना मी हे बोललो. दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय.

काल रात्री झोप येईना म्हणून माळ्यावरून रेकॉर्ड काढल्या. जेनेसिस ह्या इंग्लिश बँडच्या, दिनूमामानं १९७९ साली रॉटरडॅमहून आणलेल्या दोन्ही. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' आणि 'अ ट्रिक ऑफ द टेल'. तू नववीत असल्यापासून आपण ह्या दोघींवरून भांडतोय. तू 'लॅम्ब'वाला, मी 'ट्रिक'वाला. तुझं म्हणणं, जेनेसिस म्हणजे त्यांचा गायक पीटर गॅब्रियल, तो गेल्यावर उरलं ते सुरेल आणि गुळगुळीत. चार बाजू, दीड तासाच्या वर संगीत, न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा तो राएल नावाचा पोरगा, आणि जवळजवळ सगळे शब्द एकट्या माणसाचे. असं धाडस पुन्हा त्यांना जमलं नाही, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, शब्द ठीक आहेत, पण ती गोष्ट तिसऱ्या बाजूला धापा टाकते आणि चौथीवर कुठे पोचते ते कळत नाही. हे मला आजही वाटतं.

'ट्रिक'बद्दल मी तुला नेहमी काय सांगायचो? गॅब्रियल निघून गेला, ऑगस्ट १९७५ मध्ये बातमी फुटली, सगळ्यांनी धरूनच टाकलं की बँड संपला. उरलेले चौघे मात्र गाणी बांधत राहिले. गायक शोधला, कितीतरी जणांना गाऊन बघायला लावलं, एकही बसेना. शेवटी मागे ड्रमवर बसलेला फिल कॉलिन्स पुढे आला. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रेकॉर्डिंग, फेब्रुवारी १९७६ मध्ये अल्बम बाजारात, आणि ब्रिटनमध्ये थेट तिसऱ्या क्रमांकावर. 'लॅम्ब' दहाव्यापर्यंतच गेला होता. हे आकडे मी तुझ्या तोंडावर किती वेळा फेकलेत! मला त्यात आवडायची ती थांबलेली माणसं. जो जातो त्याचं नाव होतं, जे थांबतात ते संसार ओढतात, असं माझं गणित. चौतीस वर्षं एका टेबलाशी काढलेल्या माणसाला दुसरं काय आवडणार.

आप्पांची आठवण आहे का तुला? 'ट्रिक'चं पहिलं गाणं लागलं, 'डान्स ऑन अ व्होल्केनो', आणि ते आरामखुर्चीत मांडीवर बोटं आपटायला लागले. म्हणाले, "सात मात्रा आहेत की रे. रूपकाच्या घरातलं आहे हे." मग पेटी पुढे ओढली आणि त्यावर ते वळण शोधत बसले. तू सहा-सात वर्षांचा असशील, भात्याला हात लावायला धडपडत होतास. तुझा कीबोर्ड तिथून सुरू झाला, त्या क्लासवाल्या सरांकडून नव्हे. आपल्या घरात पेटी म्हणजे आप्पांची. आता शेजारी विचारतात, "नातीला पेटीत ठेवलंय ना?" आणि मला क्षणभर आप्पांचीच पेटी दिसते, मग ती काचेची.

आणि 'रिपल्स'! त्या गाण्यात आपल्या रेकॉर्डवर सुई उडायची, ती ओरखड्याची जागा. तू ती उडी पाठ केली होतीस. बारा तारांच्या गिटारी चालू असताना डोळे मिटून थांबायचास, टक्क झालं की हसायचास. पुढे सीडी आणली तेव्हा रुसून म्हणालास, "हे चुकीचं वाजवतायत." काल रात्री ती उडी आली आणि मी मशीन बंद केलं.

सांगायचं होतं ते वेगळंच आहे. जुलै १९७४ बद्दल. तुला ठाऊक असेल, मला मात्र 'लॅम्ब'च्या बाजूचं काही नीट वाचायचंच नसायचं. बँड वेल्समधल्या एका जुन्या वाड्यात, फिरता स्टुडिओ दारात लावून 'लॅम्ब' रेकॉर्ड करत होता. त्याच्या तोंडावर गॅब्रियलला पहिली मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पोरीला संसर्ग झाला, कितीतरी दिवस ती लंडनच्या हॉस्पिटलात पेटीत होती, जगेल की नाही सांगता येत नव्हतं. हा माणूस वेल्स ते लंडन हेलपाटे घालत होता, आणि इकडे बाकीचे चौघे घड्याळाकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, ह्याचं लक्ष नाही, शब्द वेळेवर देत नाही. तेही पंचविशीच्या आतबाहेरचे. पुढे त्यांनीच कबूल केलं की आम्ही तेव्हा त्याला समजून घेतलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, दौरा नुकताच सुरू झालेला असताना, क्लीव्हलँडला त्यानं सांगून टाकलं की मी जाणार. तरीही मे १९७५ पर्यंत, शंभरच्या आसपास कार्यक्रम, तो सगळा अल्बम दर रात्री उभा राहून गायला.

आणि मी तीस वर्षं त्याला भरल्या ताटावरून उठलेला म्हणत आलो. परवा तेच तुला म्हणालो.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आईला माहीत आहे, तिनं कधी काढली नाही. तुझा जन्म झाला तेव्हा मी भिलाईला ऑडिटला होतो. आत्याचा ट्रंककॉल आला. मी सहाव्या दिवशी पोचलो. तुला कावीळ होती, निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी, आणि आई बाहेर एकटी भिंतीला टेकून उभी. सगळ्यांना मी सांगितलं की साहेबांनी सोडलं नाही. साहेबांना मी विचारलंच नव्हतं, निखिल. काम अर्धं टाकून कसं जायचं, म्हणून. त्यांनी सोडलं असतं. भला माणूस होता. मला वाटतं गॅब्रियल मला खुपायचा तो ह्यामुळे.

तू पहिल्या तासापासून तिथे आहेस. शर्ट काढून तिला छातीवर घेऊन बसतोस, दीड-दीड तास हलत नाहीस, हे मुग्धाच्या आईंनी सांगितलं तेव्हा मी आत जाऊन देवापाशी उभा राहिलो. छातीशी धरलं की श्वास नीट चालतो म्हणतात, अंगाची ऊब लागते, आणि वजनही... असो.

आता ऐक. जेवण टाळू नकोस. हॉस्पिटलच्या खालचा वडापाव हे जेवण नव्हे. हात कोपरापर्यंत धू, अंगठी आणि घड्याळ काढून ठेव. रात्री दोनला गाडी चालवत घरी जाऊ नकोस, रिक्षा कर. मुग्धाला एकटीला दूध काढत बसवून फोनवर बोलत जाऊ नकोस, तिच्याजवळ बस, नुसता बस. डॉक्टरांना प्रश्न लिहून नेत जा, समोर उभं राहिलं की निम्मे विसरायला होतात. कुणी आधीच बारसं, नाव, पत्रिका असलं काही काढलं तर माझ्याकडे पाठव. आणि कीबोर्ड विकायचं म्हणत होतास, तो विकू नकोस. हॉस्पिटलचं बिल आपण बघू. ते मुदतठेवीचं मी आईशी बोललो आहे. तुझा अभिमान आडवा येईल, पण ही मदत तुला नाही, तिला आहे.

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. चाळीशीला आलेल्या मुलाला हात धुवायला शिकवतोय.

केदारचा फोन आला होता. तू रागावशील, पण लपवत नाही. त्याला तुला फोन करायची हिंमत होत नव्हती. चिडून बोललो म्हणाला, अल्बम अर्धा राहिला म्हणून बोललो, बाळ पेटीत आहे हे मला नीट कळलंच नव्हतं काका. त्याचा आवाज फुटला. माझ्या पानावर शंभर वेळा जेवलेला पोरगा, मी काय करणार. मी म्हटलं, तुम्ही अल्बम पुरा करा, थांबू नका, दुसरा कीबोर्डवाला घ्या नाहीतर तूच वाजव. चुकलो असेन तर सांग. मला 'लॉस एन्डोस'चा शेवट आठवत होता. 'ट्रिक'चा अगदी शेवट, सगळं विरत चाललेलं असताना कॉलिन्स हलकेच १९७२ च्या त्या तेवीस मिनिटांच्या रचनेतल्या, गॅब्रियलच्या ओळी गुणगुणतो. कान दिला नाही तर ऐकूही येत नाहीत. गेलेल्या माणसासाठी त्यांनी तेवढी जागा ठेवली होती. हे तूच मला दाखवलंस, बारावीच्या सुट्टीत, हेडफोन माझ्या कानावर चढवून. इतकी वर्षं 'ट्रिक' माझी म्हणून मिरवत होतो आणि शेवटची मिनिटं तुझ्या कानांनी ऐकली.

मागच्या वर्षी पुण्यात त्या छोट्या हॉलमध्ये तुझं वाजवणं ऐकलं तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. सात मात्रांचं ते तुझं लांबलचक वळण आलं आणि माझी बोटं मांडीवर चालायला लागली, आप्पांसारखी. तुला बोललो नाही. "साउंड जरा मोठा होता," एवढंच बोललो.

पुढे १९८२ च्या २ ऑक्टोबरला, गॅब्रियल त्याच्या वोमॅड महोत्सवामुळे कर्जात बुडाला तेव्हा, हेच जुने सोबती मिल्टन कीन्सला भर पावसात त्याच्याबरोबर उभे राहून वाजले. आणि २०२२ चा लंडनचा शेवटचा कार्यक्रम, ज्याचे तुकडे आपण फोनवर पाहिले. कॉलिन्सला ड्रम वाजवणं जमत नव्हतं, खुर्चीत बसून गात होता, आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक. गॅब्रियल प्रेक्षकांत होता. तू तेव्हा म्हणाला होतास, "बाबा, बापाच्या मागे बसून वाजवायचं म्हणजे काय असेल." मी उत्तर दिलं नव्हतं. पुढे बसलेल्याला काय वाटत असेल ते मला जास्त कळत होतं.

आणखी एक काल वाचलं. पेटीतली ती मुलगी, ॲना, मोठी होऊन फिल्म बनवायला लागली. वडिलांच्या दौऱ्याबरोबर फिरून तिनं त्यांच्यावरच फिल्म केली, २००३ मध्ये. रात्री दोन वाजता हे वाचलं आणि आईला उठवून सांगितलं. ती उठून बसली, "वजन किती होतं तिचं तेव्हा?" म्हणाली. मला विचारू नको म्हणणारी.

माझा खोकला चार दिवस झाले पूर्ण थांबलाय. गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. वर येणार नाही, खालीच बसेन, डबा देईन, तुला दोन तास घरी जाऊन झोपता येईल. आईनं टोपडं विणलंय, माझ्या मुठीवर बसत नाही इतकं लहान, तेही मोठं होईल म्हणते.

कालनिर्णयवर मी पेन्सिलीनं लिहितोय, दुधाच्या हिशेबाच्या वर. जन्माच्या चौकोनात १,४२०. मग उतरत उतरत १,२९०, डॉक्टर म्हणाले पहिल्या आठवड्यात उतरतंच, तरी ते लिहिताना हात थरथरला. मग १,३०५. शनिवारी १,३४०. रविवारी आपला तो फोन झाला, त्यानंतर मुग्धाच्या आईंना मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सोमवार आणि मंगळवारचे चौकोन मोकळे आहेत.

तुझा,
बाबा